आडवाटेने येणाऱ्या वाचकासाठी : प्रस्तावना

तालुक्याच्या गावातलं एक जुनं ग्रंथालय. त्याची वेबसाइट नव्याने करून देण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा समितीची एकच तक्रार होती : साइट जुनाट दिसते, रंग बदला. मी आधी एक विनंती केली. सभासद नसलेल्या कोणालाही बोलवा, त्यांच्या हातात फोन द्या आणि इथे सभासद व्हायला किती पैसे लागतात एवढं शोधून सांगायला सांगा. शेजारच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. साइटवर मेन्यू असा होता : मुखपृष्ठ, आमच्याविषयी, अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणी, दालने, उपक्रम, क्षणचित्रे, इतर, संपर्क. बाईंनी 'आमच्याविषयी' उघडलं. तिथे स्थापनेचा इतिहास होता. मग 'दालने' उघडलं, मग 'उपक्रम'. शेवटी त्या 'संपर्क'वर गेल्या आणि म्हणाल्या, "फोनच करते ना मी, सोपं पडेल."

त्यांना हवी असलेली रक्कम 'इतर'मध्ये होती. तिथे 'नियमावली' नावाची पीडीएफ होती, आणि तिच्या तिसऱ्या पानावर 'अनामत व वर्गणी' या शीर्षकाखाली ती लिहिलेली होती. पीडीएफ म्हणजे टंकलिखित कागदांचा स्कॅन. बाईंनी गावाचं नाव घालून 'वाचनालय फी' असं गूगलवर शोधलं असतं तरी ते पान वर आलं नसतं. ते मुळात अक्षरांचं पान नव्हतं, चित्र होतं. शिवाय त्यावर 'फी' हा शब्द कुठेच नव्हता.

समितीतली माणसं कळकळीची होती. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ती स्वतः पावसाळ्यात कपाटं उघडून बसायची. माहिती लपवावी असं त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हतं. त्यांनी साइटची रचना समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेसारखी केली होती, कारण संस्थेकडे पाहायची तीच एक नजर त्यांना सवयीची होती. रंग बदलायचा विषय त्या दिवशी मागे पडला, आणि हे पुस्तक लिहायला हवं हेही तेव्हाच माझ्या मनात पक्कं झालं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बाईंना माहिती सापडली नाही आणि गूगललाही ती दाखवता आली नसती, या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. वाचकाची सोय आणि सर्चमध्ये दिसणं ही दोन वेगळी कामं समजून लोक दोन वेगळ्या माणसांना पैसे देतात. एक जण मेन्यू देखणा करतो, दुसरा पानांत 'कीवर्ड' पेरतो, आणि दोघांची गाठही पडत नाही. वाचक लिंकवरचा शब्द वाचून पुढे जायचं की नाही ते ठरवतो. सर्च इंजिनसुद्धा लिंकच्या वाटेनेच पुढच्या पानावर पोचतं, आणि तिथे काय असेल याचा अंदाज त्याच शब्दावरून बांधतं. म्हणून त्या शब्दावर आणि त्या वाटेवर केलेली मेहनत दोघांच्याही उपयोगी पडते.

नेव्हिगेशन म्हटलं की डोळ्यांपुढे वरची मेन्यूची पट्टी येते. या पुस्तकात तो शब्द मी बऱ्याच मोठ्या अर्थाने वापरला आहे. पानावरची प्रत्येक लिंक, मजकुराच्या शेवटी सुचवलेलं पुढचं पान, आपण कुठे आहोत हे सांगणारी 'मुखपृष्ठ, सेवा, सभासदत्व' अशी ब्रेडक्रंबची ओळ, साइटच्या आतला शोध, पानाचं शीर्षक आणि पानाचा पत्तासुद्धा, हे सगळं नेव्हिगेशनच. आज वाचक बहुतेक वेळा मुखपृष्ठावरून येत नाही. तो सर्चमधून, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून थेट कुठल्यातरी आतल्या पानावर उतरतो. एसटीने येणारा प्रवासी वेशीवर उतरेल अशी आपण कमान बांधून ठेवलेली असते, आणि तो उतरतो मधल्याच गल्लीत. त्या गल्लीत पाटी हवी.

या विषयात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ब्रिटिश सरकारच्या एका कामाने. २०१० पर्यंत तिथे नागरिकांसाठी डायरेक्टगव्ह, उद्योजकांसाठी बिझनेस लिंक, शिवाय प्रत्येक मंत्रालयाची आणि संस्थेची आपापली वेबसाइट असा पसारा होता. त्या वर्षी मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला दिलेल्या अहवालात हे सगळं एका छताखाली आणा, अशी शिफारस केली. एका छोट्या गटाने १२ आठवड्यांत कच्चा नमुना उभा केला आणि मे २०११ मध्ये तो लोकांपुढे ठेवला. पुढे गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस नावाचा विभाग उभा राहिला. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक यांची जागा गव्ह डॉट यूके या एका साइटने घेतली, आणि २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट डिझाइनचा पुरस्कार दिला.

हा पुरस्कार पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटलं, कारण त्या साइटवर बघण्यासारखं काहीच नाही. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, निळ्या लिंक. कौतुक झालं ते त्यामागच्या निर्णयांचं. पानं कोणत्या खात्याची आहेत हा प्रश्न त्यांनी मागे टाकला. माणूस इथे कशासाठी येतो, हा प्रश्न पुढे आणला. सरकारकडे सांगण्यासारखं काय आहे याची यादी बाजूला ठेवून नागरिकाच्या गरजांची यादी केली, आणि ज्या मजकुरामागे कोणाची गरज दिसेना तो काढून टाकला. सार्वजनिक सुट्ट्यांचं पान याचा चांगला नमुना आहे. पुढची सुट्टी कधी, हे पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि वर्षाची यादी त्याखाली. दहापैकी नऊ माणसं जो प्रश्न घेऊन येत असतील त्याचं उत्तर आधी मिळतं. मला हे पान फार आवडतं. एवढं साधं पान करायला किती जणांना 'नाही' म्हणावं लागलं असेल, हे संस्थांमध्ये काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

यातली आणखी एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. गाडी चालवायला शिकायचं तर ब्रिटनमध्ये शिकाऊ परवाना एक संस्था देते आणि लेखी व रस्त्यावरची परीक्षा दुसरी घेते. संस्थेनुसार पानं लावली तर माणसाने दोन दारं ठोठावायची. २०१८ च्या सुमारास गव्ह डॉट यूकेने 'टप्प्याटप्प्याने' अशी नवी रचना आणली. तुम्ही पात्र आहात का ते पाहा, शिकाऊ परवाना काढा, शिकवणी लावा, लेखी परीक्षा द्या, मग गाडीची. हा सगळा क्रम एका पानावर तर आहेच, पण सर्चमधून कोणी थेट चौथ्या टप्प्याच्या पानावर उतरला तरी तिथेही तो बाजूला दिसतो, आणि आपण कितव्या टप्प्यावर आहोत ते कळतं. मघाशी म्हटलेली गल्लीतली पाटी ती हीच.

ब्रिटनचं उदाहरण डोळे झाकून उचलू नये, हेही इथेच सांगतो. सरकारी परवान्याला पर्याय नसतो, म्हणून तिथला वाचक अडचण सोसूनही थांबतो. आपल्या पैठणीच्या दुकानाची वाट चुकलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

आता शब्दांकडे येतो. या पुस्तकाचा सर्वात मोठा भाग शब्दांवरच आहे. जमिनीच्या कागदाला महसूल खात्याच्या भाषेत गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा म्हणतात. शेतकरी 'सातबारा' म्हणतो. 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र' हे नाव कागदावर छापलेलं असतं, पण प्रवेशासाठी धावपळ करणारा मुलगा 'डोमिसाइल' शोधतो. जमीन 'अकृषिक' करायची असली तरी गावात सगळे 'एनए करायची' असंच बोलतात. मेन्यूत यांपैकी कोणता शब्द घालायचा? माझं मत स्पष्ट आहे : लिंकवर लोकांचा शब्द हवा, आणि पान उघडल्यावर पहिल्याच वाक्यात कायद्यातला शब्दही हवा. म्हणजे वाचक आत येतो, आणि खिडकीवर गेल्यावर कोणता अर्ज मागायचा हेही त्याला कळतं. सर्चमध्ये दोन्ही शब्दांनी ते पान सापडतं. शुद्ध मराठीचा आग्रह मीही धरतो, पण ज्याला दाखला हवा आहे त्याच्या वाटेत तो आडवा येऊ नये.

अमेरिकेत पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात या सगळ्याला एक सिद्धान्त दिला. जनावर जसं वासावरून भक्ष्याचा माग काढतं, तसा माणूस शब्दांवरून माहितीचा माग काढतो, असं ते म्हणतात. वास तीव्र होत गेला की माणूस पुढे जातो, क्षीण झाला की परत फिरतो. 'इतर', 'संकीर्ण', 'सेवा', 'संसाधने' या शब्दांना कसलाच वास नाही. कोणतीही गोष्ट तीन क्लिकमध्ये सापडलीच पाहिजे, असा एक नियम आपल्याकडे हिरिरीने सांगितला जातो. मला तो पटत नाही. दर क्लिकला 'आपण बरोबर चाललो आहोत' असं वाटत असेल तर माणूस पाच क्लिकसुद्धा आनंदाने करतो. एकाच क्लिकमध्ये वाट चुकल्यासारखं वाटलं तर मात्र तो निघून जातो. गिचमिड ड्रॉपडाउनमध्ये साठ लिंक कोंबून 'सगळं एका क्लिकवर' आणण्यामागे हाच गैरसमज असतो.

वर्गवारी हा तर आपल्याच देशातल्या एका ग्रंथपालाचा विषय. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचं पुस्तक १९३१ मध्ये आलं, आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा चौथा नियम. वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाने तो टेबलावर लिहून ठेवावा. त्यांच्या वर्गीकरणाचं मर्म असं की पुस्तकाला एकाच कप्प्यात न कोंबता त्याचे पैलू वेगळे काढायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. आज खरेदीच्या साइटवर डाव्या बाजूला रंग, किंमत, कापड असे फिल्टर दिसतात, त्यामागे हाच विचार आहे. आपण तो परदेशातून आलेला मानतो, याचं मला वाईट वाटतं.

मात्र फिल्टरचा एक धोका रंगनाथनांच्या काळात नव्हता. साड्यांच्या साइटवर रंग, पोत, काठ, पदर आणि किंमत असे पाच फिल्टर आहेत आणि प्रत्येकात दहा पर्याय आहेत असं धरा. काहीच न निवडणं हा अकरावा पर्याय. दर जुळणीला वेगळा पत्ता तयार होत असेल, तर एका दुकानाची १,६१,०५१ पानं होतात. दुकानात साड्या असतील तीनशे. सर्च इंजिनचा यंत्र-वाचक या भुलभुलैयात फिरत राहतो आणि जी पन्नास पानं खरोखर कामाची आहेत तिथे उशिरा पोचतो. 'येवल्याची पैठणी' यासारख्या, लोक खरंच शोधतात त्या जुळण्यांना स्वतःचं पान द्यायचं आणि बाकीच्या जुळण्या यंत्रासाठी बंद करायच्या. हे कसं करायचं ते सहाव्या प्रकरणात सविस्तर आहे. पान एकच असून पत्ते अनेक असतील तेव्हा मूळ पत्ता कोणता हे सांगणारी खूण सर्च इंजिनांनी २००९ मध्ये मान्य केली. तिचाही उपयोग तिथे दाखवला आहे.

तांत्रिक बाजूचं बाकी सगळं मी इथे भराभर सांगतो, कारण ते समजायला सोपं आहे आणि चुकतं ते बहुतेक आळसामुळे. लिंक ही खरी लिंक असावी. नुसत्या स्क्रिप्टवर उघडणारी बटणं दिसतात लिंकसारखी, पण यंत्र-वाचकाला त्यातून पुढे जाता येत नाही. ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही ते पान अनाथ. साइटमॅपच्या फाइलमध्ये नाव घातलं तरी त्याचं पोरकेपण पुरतं जात नाही. फोनवर मेन्यू तीन रेघांच्या चिन्हामागे दडवला तर खूप लोक तो उघडतच नाहीत. म्हणून महत्त्वाच्या तीन-चार लिंक पानावर उघड्या ठेवाव्यात. आणि गूगल आता साइट जोखताना तिचं फोनवरचं रूप पाहतं, म्हणून संगणकावर असलेली पण फोनवर वगळलेली लिंक त्याच्या लेखी नसल्यासारखीच.

मराठी साइटच्या अडचणी मात्र खास आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांत त्या सापडत नाहीत. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडच्या कित्येक साइट स्वतःचा फॉण्ट वापरायच्या. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर ज्यांनी युनिकोडमध्ये आणला नाही, त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आज कोणत्याही शोधात सापडत नाही. दुसरी अडचण 'ऱ्य'ची. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन रीतींनी टंकित होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण आतले संकेत वेगळे. त्यात कोणी चुकून 'शेतकर्यांसाठी' असं रफार देऊन लिहितो, म्हणजे तीन रूपं झाली. साइटच्या आतला साधा शोध अक्षर अक्षराशी ताडून पाहतो, आणि त्याला हे तीन वेगळे शब्द वाटतात. पानं आहेत, शोधणारा शेतकरी आहे, आणि उत्तर येतं 'काही सापडलं नाही'. साइटच्या शोधात ही रूपं एकच मानायला लावणं हे एका दुपारचं काम आहे. ते आवर्जून करा.

पानांचे पत्ते देवनागरीत ठेवावेत का, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात. ठेवता येतात आणि ब्राउझरमध्ये छान दिसतात. पण पत्ता कॉपी करून दुसरीकडे टाकला की अनेकदा त्याची टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. 'ग्रंथालय' या एका शब्दाची ७२ चिन्हं होतात. अशी लांबलचक लिंक पाहून लोक बिचकतात. म्हणून पत्ता छोटा आणि रोमन लिपीत, शीर्षक आणि लिंकचा शब्द मात्र मराठीत, असा मी सल्ला देतो. भाषेच्या अभिमानाला तो थोडा टोचतो, पण आज तरी तोच सोयीचा आहे.

शेवटचा मुद्दा जुन्या पत्त्यांचा. साइट नवी करताना सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून त्याच्यावर मी दोन प्रकरणं खर्च केली आहेत. नवी रचना लावली की जुने पत्ते बदलतात. कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लेखात दिलेली लिंक, विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवलेला पत्ता, सर्चमध्ये कमावलेली जागा, सगळं त्या जुन्या पत्त्यांना बांधलेलं असतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ पासून सांगत आले आहेत की चांगला पत्ता बदलत नाही. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं रीडायरेक्ट हवं, आणि तेही पानाला पान जोडून. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं म्हणजे पोस्टमनने गावातली सगळी पत्रं चावडीवर टाकून जाणं. गव्ह डॉट यूकेवाल्यांनी शेकडो जुन्या साइटचे पत्ते असे एकेक करून जुळवले. ज्या पानाला नवी जागा नव्हती तिथे 'हे पान काढलं आहे' असं स्पष्ट सांगून राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जतन केलेल्या प्रतीची वाट दाखवली. त्या साइटचं कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत, पण या कंटाळवाण्या कामाबद्दल फार कमी लिहिलं गेलं. माझ्या मते तेच सर्वात थोर काम आहे.

त्या ग्रंथालयाच्या साइटवर आता मेन्यूत पाचच शब्द आहेत : सभासद व्हा, पुस्तक शोधा, वेळ आणि पत्ता, कार्यक्रम, ग्रंथालयाविषयी. अध्यक्षांचं मनोगत शेवटच्या पानात आहे. तिथे ते वाचणारे लोक आधीपेक्षा वाढले, कारण त्या पानावर ते इतिहास वाचायलाच येतात. 'फी किती' हे सभासदत्वाच्या पानावर पहिल्याच ओळीत आहे. 'अनामत' हा शब्द त्याच ओळीत, फीच्या शेजारी आहे. रंग आम्ही बदललेच नाहीत.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडण्याआधी तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या संस्थेत किंवा दुकानात कधीही न आलेली पाच माणसं शोधा. एकेकाच्या हातात फोन द्या, तुमच्याकडे लोक सर्वात जास्त वेळा जी गोष्ट विचारतात ती साइटवर शोधायला सांगा, आणि ते शोधत असताना मदत करू नका, बोलू नका, फक्त त्यांनी कुठे बोट लावलं आणि कोणता शब्द पुटपुटला ते कागदावर लिहा. तो कागद जवळ ठेवून पुढचं पान उलटा.